हप्त्यांचा विमा आणि नाकारलेला दावा

विमा म्हटला की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे आयुर्विमाच उभा राहतो. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली, पुढे १९५६ साली देशातील सारा आयुर्विमा सरकारी महामंडळाकडे गेला, आणि तेव्हापासून बडोद्यातल्या आपल्या घरांतही कपाटाच्या वरच्या खणात एक लांबट विमापत्र जपून ठेवलेले असते. त्या विम्याचा हिशेब सरळ होता. माणूस गेला तर घराला पैसे, राहिला तर मुदतीअंती त्यालाच. गेल्या काही वर्षांत मात्र एक निराळा विमा आपल्या घरांत शिरला आहे, आणि तो शिरला आहे हे घरातल्या पुष्कळांना ठाऊकही नसते. घरासाठी, मोटारीसाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज घेताना चाळीस-पन्नास ठिकाणी सह्या करून घेतात, त्यांतील एक सही या विम्याची असते. कर्ज घेणाऱ्याची नोकरी गेली तर ठरावीक महिन्यांचे हप्ते विमा कंपनीने भरावयाचे, असा तो करार.

आपल्या न्यासाच्या साहाय्य समितीपुढे पूर्वी येणारे अर्ज बहुधा शाळेच्या फीचे आणि औषधपाण्याचे असत. अलीकडे निराळे अर्ज येऊ लागले आहेत. नोकरी गेली आहे, घराचा हप्ता थकला आहे, विमा होता असे आता कळते, पण कंपनीने दावा नामंजूर केला आहे, तरी न्यासाने काही मदत करावी, असा त्यांचा आशय असतो. अशा वेळी न्यासाच्या तुटपुंज्या निधीतून एखादा हप्ता भरण्यापेक्षा नामंजुरीचे ते पत्र नीट वाचून त्याला उत्तर कसे द्यावे हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून महोत्सवाच्या या अंकात हा काहीसा रूक्ष विषय आम्ही घेतला आहे. वाचकांनी तो सोसावा.

प्रथम या विम्याची घडण पाहू. यात कंपनीशी मूळ करार आपला नसतो. बँक ही समूहाची धारक असते, मुख्य विमापत्र तिच्या नावाने निघते, आणि कर्जदाराच्या हाती येते ते केवळ विमा प्रमाणपत्र. त्या दोन-चार पानांवर रकमा असतात. अटींचा विस्तार मुख्य विमापत्रात असतो, आणि ते कर्जदाराने कधी पाहिलेले नसते. नोकरी जाण्याचा भाग बहुधा स्वतंत्र विकत नाहीत. अपघाती मृत्यू, गंभीर आजार आणि नोकरी जाणे अशी एक मोट बांधून ती एकाच नावाने विकली जाते. विम्याची सारी रक्कम पुष्कळदा एकदम घेतात आणि ती कर्जातच मिळवून टाकतात, म्हणजे खिशातून त्या दिवशी काहीच जात नाही. येथेच फसगत होते. समजा, ४० हजार रुपयांचा विमा-हप्ता वीस वर्षांच्या कर्जात मिळवला आणि व्याज शेकडा ९ आहे. तर त्यापोटी दरमहा सुमारे ३६० रुपये जातात आणि वीस वर्षांत ते ८६ हजारांच्या घरात पोचतात. विम्याचे संरक्षण मात्र बहुधा तीन किंवा पाच वर्षांतच संपलेले असते. कर्ज घेण्यासाठी हा विमा घेतलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हेही येथेच सांगून ठेवतो. टेबलापलीकडचा गृहस्थ काहीही म्हणो.

मिळते काय? नोकरीच्या भागात साधारणपणे तीन हप्ते. त्यापेक्षा अधिक देणारे करार थोडे. त्यातही विमा सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे (कोठे तीस दिवस, कोठे नव्वद) नोकरी गेली तर दावा चालत नाही, आणि नोकरी गेल्यावरही ठरावीक दिवस सतत बेकार राहिल्याशिवाय पैसे सुरू होत नाहीत. स्वतःचा धंदा करणारा, कंत्राटावरचा किंवा हंगामी नोकर, उमेदवारीच्या काळातला नोकर, स्वेच्छेने राजीनामा देणारा, निवृत्त झालेला, गैरवर्तनाबद्दल अगर काम बरोबर नाही म्हणून काढलेला, या सर्वांना बहुतेक करार बाहेर ठेवतात. एवढी यादी वाचल्यावर आत कोण उरतो, असा प्रश्न एका सभासद भगिनीने आम्हांस विचारला होता. उत्तर असे की, कायम नोकरीतला पगारदार, ज्याला मालकाने काम नाही किंवा पद राहिले नाही म्हणून घरी पाठवले, तो.

हा प्रकार आपल्याकडचा मूळचा नव्हे. इंग्लंडात कर्जाबरोबर असा विमा विकण्याची चाल १९९० नंतर फार फोफावली. बेकारी, आजार आणि अपघात यांत हप्ते भरण्याचे वचन त्यात असे. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना, निवृत्तांना, ज्यांना त्याचा लाभ कधी मिळूच शकत नव्हता अशांनाही तो विकला गेला. पुष्कळांना तो कर्जासाठी सक्तीचा आहे असे भासवले गेले, आणि काहींच्या कर्जात तर न विचारताच घातला गेला. तक्रारी वाढल्यावर नियामकांनी कडक नियम केले. त्यांविरुद्ध बँकांची संघटना न्यायालयात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये हरली. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे जो खटला आला त्यात ३४ हजार पौंडांच्या कर्जावर ५,७८० पौंडांचा विमा लादलेला होता, आणि त्यातले शेकडा ७१.८ हे दलालीत गेलेले होते. ही गोष्ट ग्राहकाला न सांगणे अन्यायाचे आहे असे न्यायालयाने ठरवले. तक्रारी घेण्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ही होती. तोवरच्या आणि त्यानंतर निकाली निघालेल्या तक्रारी मिळून तेथील बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम ग्राहकांना परत द्यावी लागली. त्या हकिगतीतून आम्ही एक फरक उचलला आहे, आणि तो पुढे उपयोगी पडेल: दावा चुकीने नाकारला जाणे ही एक तक्रार, आणि विमाच चुकीच्या माणसाला विकला जाणे ही दुसरी. दोहोंची वाट निराळी आहे.

आता नामंजुरीच्या पत्राकडे वळू. ते आले म्हणजे बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. एक तर संतापाने फोन करून कोणा मुलीला बोलणी बसतात, जिचा त्यात काही दोष नसतो; नाही तर पत्र खणात जाते आणि वर्ष निघून जाते. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला मुदत आहे. पत्रावर तारीख असते. लखोट्यावर किंवा मेलवर ते मिळाल्याची तारीख असते. या दोन्ही प्रथम वहीत लिहून ठेवाव्या. मग कारण कोणत्या शब्दांत दिले आहे ते पाहावे. नुसते 'अटींनुसार देय नाही' एवढेच लिहिले असेल तर ते उत्तर नव्हे. कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या वस्तुस्थितीवरून दावा बसत नाही, हे कंपनीने सांगितले पाहिजे, आणि ते आपण लेखी मागावे.

कारण नेमके असण्याला फार महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गलाडा पॉवर या कंपनीच्या प्रकरणात आणि २०१९ साली सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात असे ठरवले आहे की, नामंजुरीच्या पत्रात जे कारण दिले नाही ते विमा कंपनीला मागाहून पुढे करता येत नाही. म्हणजे पत्रात 'स्वेच्छेचा राजीनामा' असे कारण असेल, आणि आपण ते खोडून काढल्यावर कंपनी 'तुम्ही उशिरा कळवले' असे म्हणू लागली, तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही. तसेच जी वगळण्याची अट ग्राहकाला कधी दिलीच नव्हती तिच्या आधाराने दावा नाकारता येणार नाही, असे मॉडर्न इन्सुलेटर्सच्या प्रकरणात २००० साली ठरले आहे. ज्या कर्जदाराच्या हाती दोन पानी प्रमाणपत्राखेरीज काही दिलेले नाही, त्याने या दुसऱ्या निर्णयाचा उल्लेख आपल्या पत्रात अवश्य करावा. उशिराबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केवळ कळवण्यास विलंब झाला एवढ्यावरून खरा दावा यांत्रिकपणे नाकारू नये, असे विमा नियामकांचे २० सप्टेंबर २०११ चे परिपत्रक आहे. नोकरी गेलेला माणूस पहिले दोन-तीन आठवडे दुसऱ्या नोकरीच्या शोधात असतो, त्याला विमा आठवत नाही, हे कोणालाही समजण्यासारखे आहे. ते लिहावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तथापि आमच्यापुढे आलेल्या प्रकरणांत सर्वांत अधिक वेळा आढळलेले कारण राजीनाम्याचेच आहे, आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

मकरपुऱ्याच्या वसाहतीतील एका कारखान्यात आपल्या एका सभासदांचा मुलगा नऊ वर्षे कायम नोकरीत होता. कारखान्याने त्याचा विभागच बंद केला. एका सोमवारी त्या विभागातल्या सर्वांना एकेक करून आत बोलावले, दोन महिन्यांचा पगार देऊ असे सांगितले, आणि पुढे एक टंकलेला राजीनामा ठेवला. त्यावर 'वैयक्तिक कारणास्तव' असे शब्द होते. सही केली तर अनुभवाचा दाखला चांगला मिळेल, न केली तर काढून टाकल्याची नोंद होईल, असेही सौम्य आवाजात सांगण्यात आले. मुलाने सही केली. त्याच्या जागी आपल्यापैकी नऊजणांनी केली असती. घराचा हप्ता २७,४०० रुपयांचा होता. विम्याखाली तीन हप्ते, म्हणजे ८२,२०० रुपये मिळावयाचे होते. कंपनीने ते 'स्वेच्छेने राजीनामा' म्हणून नाकारले, आणि कागदापुरते पाहता तिच्याकडे कागद होता.

अशा वेळी राजीनामा स्वेच्छेचा नव्हता हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो. त्या मुलाजवळ प्रथमदर्शनी काहीच नव्हते. मग एकेक कागद निघू लागला. विभाग बंद होणार असल्याची मनुष्यबळ खात्याची सूचना मेलवर आलेली होती. अखेरच्या हिशेबाच्या पत्रकात 'नोटीस पगार' आणि 'सानुग्रह रक्कम' अशा दोन ओळी होत्या. आपण होऊन नोकरी सोडणाऱ्याला मालक नोटिशीचा पगार देत नाही, उलट कापून घेतो. त्याच तारखेस त्याच विभागातल्या इतरांचीही नोकरी संपल्याचे दोघा सहकाऱ्यांनी लिहून दिले. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी संपल्याची तीच तारीख होती, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणाकडूनही भरणा झालेला नव्हता; म्हणजे दुसरी नोकरी हाती धरून त्याने ही सोडलेली नव्हती. शेवटी वडिलांनी कारखान्यास नम्रपणे लिहून 'पुनर्रचनेमुळे सदर पद रद्द करण्यात आले' एवढी एक ओळ मागितली. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा मिळाली. त्या एका ओळीने प्रकरणाचे रूप पालटले. विमा कंपनीने पहिल्या तक्रारीस जुनेच उत्तर दिले, पण लोकपालापुढे तिन्ही हप्त्यांचा निर्णय झाला. यास नोकरी गेल्यापासून दहा महिने लागले, आणि मधले हप्ते आईच्या बांगड्यांवर निघाले, हेही सांगितले पाहिजे.

प्रत्येक वेळी असेच होते असे मात्र कोणी समजू नये. सही केलेला राजीनामा हा जड पुरावा असतो, आणि उलट बाजूचा कागद नसेल तर लोकपालही तो बाजूला सारत नाहीत. म्हणून ज्यांच्या घरांतली मुले आज नोकरीत आहेत त्यांनी एवढे तरी सांगून ठेवावे: तशी वेळ आलीच तर 'वैयक्तिक कारणास्तव' हे दोन शब्द लिहू नयेत. सही करावीच लागली तर 'व्यवस्थापनाच्या सूचनेवरून, पद रद्द झाल्यामुळे' असे लिहावे, आणि तेही लिहू देत नसतील तर त्याच संध्याकाळी मालकास एक मेल पाठवून आज काय घडले ते साध्या शब्दांत नोंदवावे. त्याचे उत्तर आले नाही तरी ती नोंद राहते. छाटणी म्हणजे काय याची कामगार कायद्यातही व्याख्या आहे. पूर्वी ती १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. शिक्षा म्हणून नव्हे अशा कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची नोकरी संपवणे, असा तिचा गाभा. स्वेच्छानिवृत्ती तीत येत नाही. विम्याचा दावा विमापत्रातल्या शब्दांवर चालतो, कामगार कायद्यावर नव्हे. तरी छाटणीची भरपाई मिळाल्याचा कागद असेल तर तो दाव्यासोबत अवश्य जोडावा.

आता मार्ग. पहिली पायरी विमा कंपनीच्याच तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. बँकेच्या शाखेत जाऊन तोंडी सांगणे म्हणजे तक्रार नव्हे. शाखेतला माणूस सहानुभूतीने मान हलवतो, आणि सहा महिन्यांनी त्याची बदली होते. अर्ज मेलने पाठवावा आणि एक प्रत रजिस्टर टपालाने. त्यात पाल्हाळ नको. आम्ही जो नमुना देतो तो साधारण असा:

'माझा प्रमाणपत्र क्रमांक अमुक, कर्ज खाते क्रमांक अमुक. माझी कायम नोकरी अमुक तारखेस मालकाने पद रद्द केल्यामुळे संपली. माझा दावा आपण अमुक तारखेच्या पत्राने अमुक कारण देऊन नाकारला. ते कारण पुढील कागदांवरून बरोबर नाही. (येथे कागदांची क्रमवार यादी.) मुख्य विमापत्राच्या संपूर्ण अटींची प्रत, तसेच मी सही केलेल्या प्रस्तावपत्राची प्रत मला द्यावी. दाव्याचा फेरविचार करून अमुक रक्कम माझ्या कर्ज खात्यात भरावी आणि आपला निर्णय कारणांसह लेखी कळवावा.'

प्रस्तावपत्राची प्रत मागण्याचे विसरू नये. त्यात 'नोकरीचा प्रकार' या रकान्यात कोणी काय भरले आहे ते पाहण्यासारखे असते, आणि ते अक्षर पुष्कळदा कर्जदाराचे नसते.

कंपनीने तक्रार चौदा दिवसांत निकाली काढावी असा विमा नियामकांचा नियम आहे. उत्तर न आल्यास नियामकांच्या 'विमा भरोसा' या व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते. १५५२५५ हा त्यांचा निःशुल्क दूरध्वनी आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नियामक हा न्यायाधीश नव्हे. तो तक्रार कंपनीकडे पोचवतो, तिने उत्तर दिले की नाही यावर लक्ष ठेवतो. दावा खरा की खोटा याचा निवाडा तो करीत नाही.

निवाडा करतो तो विमा लोकपाल. ही योजना प्रथम १९९८ च्या नियमांनी सुरू झाली, आणि आज ती २०१७ च्या नियमांनी चालते. समूह विम्याच्या तक्रारी तीत बसतात, म्हणून प्रमाणपत्र हाती असलेल्या कर्जदारास तेथे दार बंद नाही. फी नाही. वकील लावता येत नाही, आणि ही गोष्ट आम्हांस सोयीचीच वाटते, कारण तीन हप्त्यांच्या दाव्यात वकिलाची फी देऊन उरणार काय? आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. तिने ती नाकारल्यापासून, किंवा महिनाभर उत्तर न दिल्यास तो महिना संपल्यापासून, एक वर्षाच्या आत लोकपालाकडे अर्ज पोचला पाहिजे. तोच विषय ग्राहक आयोगात अगर न्यायालयात चालू असता कामा नये. सुनावणी बहुधा छोटी असते, आणि अलीकडे ती घरबसल्या दृक्‌श्राव्य पद्धतीनेही होते. कंपनीचा प्रतिनिधी तिची बाजू सांगतो, मग आपणास विचारतात. त्या वेळी मालकाने केलेल्या अन्यायाची सारी कहाणी सांगत बसू नये. नोकरी कायम होती, ती मालकाने संपवली, इतके दिवस बेकार होतो, हे तीन कागद, एवढेच सांगावे. सर्व कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा व्हावा असा नियम आहे, आणि तो कंपनीवर बंधनकारक असून तीस दिवसांत पाळावा लागतो. लोकपालास ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देता येतो, म्हणजे आपल्या विषयास ती मर्यादा कधी आड येणार नाही.

निवाडा आपल्याविरुद्ध गेला तरी आपण त्याने बांधले जात नाही. ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि विम्यापोटी भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात फी पडत नाही. तेथे मात्र वेळ लागतो. आमचा सल्ला असा की, प्रथम लोकपाल, आणि मुदतीचा हिशेब वहीत.

आता त्या दुसऱ्या प्रकाराकडे. आपल्या एका सभासदांचे जावई कंत्राटी पद्धतीवर नोकरीस होते. करार दर अकरा महिन्यांनी नवा होई. करार पुढे झाला नाही आणि विम्याचा दावा नाकारला गेला. त्यांनी मोठ्या आशेने कागद आमच्याकडे आणले. वाचून आम्हांस सांगावे लागले की, कंपनी बरोबर आहे. कंत्राटी नोकर कराराबाहेर आहे असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पण मग असा विमा त्यांना विकला कोणी? कर्जाच्या अर्जासोबत नोकरीचे करारपत्र बँकेने घेतलेलेच होते. ज्या माणसाला नोकरीच्या भागाचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळणे शक्य नाही, त्याच्या कर्जात तो घातला, त्यावर व्याज घेतले. म्हणून त्यांनी दाव्याचा हट्ट सोडून विमा-हप्ता व्याजासह परत मागणारा अर्ज बँकेस व कंपनीस एकदमच केला. दोघांनी काही काळ एकमेकांकडे बोट दाखवले. अखेर रक्कम कर्ज खात्यात वजा झाली, व्याज सोडून. आम्ही त्यास अर्धे यश म्हणतो. बँकेच्या वागणुकीची तक्रार असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते, विमा लोकपालाकडे नव्हे. दोन लोकपालांची गल्लत फार होते.

ज्यांचे कर्ज अगदी नवे आहे त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे. विमापत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत ते नको म्हणून परत करण्याची सवलत प्रमाणपत्रात दिलेली असेल तर तेवढ्यात परत करता येते. तेव्हा कर्ज मंजूर झाल्याच्या आनंदात पेढे वाटून झाले की दुसऱ्या दिवशी मंजुरीपत्र आणि प्रमाणपत्र घेऊन बसावे, कर्जाची रक्कम आपण मागितली त्यापेक्षा अधिक का आहे ते पाहावे.

एका गोष्टीविषयी मात्र आम्ही प्रत्येकास निक्षून सांगतो. दावा चालू आहे म्हणून हप्ता थांबवू नये. विमा कंपनीशी भांडण हे बँकेशी भांडण नव्हे, आणि बँक त्यासाठी थांबत नाही. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते थकीत वर्गात जाते, पतनोंदीवर डाग पडतो, आणि घर तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक जप्तीकडे वळू शकते. हप्ता भरणे अशक्यच असेल तर थकण्यापूर्वी बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागावा, आणि तोही लेखी. तीन हप्त्यांच्या विम्यासाठी घर पणाला लावलेला एक गृहस्थ आम्ही पाहिला आहे. त्याचा दावा खरा होता.

आपली मंडळी पाच-सहा राज्यांत पसरलेली असल्याने कोणी कोठे अर्ज करावा हेही पुष्कळदा विचारले जाते. आपण राहतो त्या भागाच्या लोकपालाकडे अर्ज करता येतो. कर्ज पुण्याच्या शाखेतून घेतले होते म्हणून पुण्यास जाण्याचे कारण नाही. बडोदे आणि एकंदर गुजरातसाठी कचेरी अहमदाबादेस आहे, इंदूर व ग्वाल्हेरच्या मंडळींसाठी भोपाळला, बेळगाव व कर्नाटकातील इतरांसाठी बंगळूरला, आणि हैदराबादकरांना ती त्यांच्या शहरातच आहे. अर्ज संगणकावरूनही करता येतो. वर दिलेल्या पत्राचे मराठी, गुजराती व इंग्रजी नमुने न्यासाच्या कचेरीत ठेवले आहेत. येताना नामंजुरीचे पत्र, विमा प्रमाणपत्र, कर्जाचे मंजुरीपत्र आणि अखेरच्या पगाराचा हिशेब एवढे चार कागद बरोबर आणावेत, आणि मूळ प्रती कोणाच्याही हाती देऊ नयेत, आमच्याही नाही.